बाकास वज्रलेप नको

कुटुंबाच्या मासिकातून देवघराविषयी, स्वयंपाकघराविषयी, मुलांच्या अभ्यासाच्या खोलीविषयी पुष्कळ लिहिले जाते. परसदारच्या पडवीत उभ्या असलेल्या सुतारकामाच्या बाकाविषयी मात्र कोणी लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. यात नवल ते काय? आपल्यासारख्या पांढरपेशा घरांतून असे बाक मुळी असतेच कोठे? खुंटी निखळली, पाटाचा पाय मोडला, खिडकी पावसाने फुगून बसेनाशी झाली, की सुतारास निरोप धाडावयाचा व तो येईपर्यंत मोडक्या पाटावर तसेच बसावयाचे, हा आपला परंपरागत शिरस्ता. तथापि अलीकडे हे चित्र थोडे पालटले आहे. मुले-नातवंडे हौसेने रंधा, पटाशी, करवत विकत आणतात आणि त्यांच्यामागोमाग लाकडी माथ्याचे बाकही घरात येते. ज्यांच्या घरी ते नाही, त्यांच्याकडे निदान लिहिण्याचे मेज किंवा झोपाळ्याची फळी तरी असतेच. बाकाच्या फळीची निगा कशी राखावी याविषयी चार गोष्टी येथे सांगाव्या असे मनात आहे. त्यांतील दोन आम्ही ग्रंथांतून शिकलो, एक आमच्या सुताराकडून शिकलो, आणि एक घराला आग लागता लागता शिकलो. ही चौथी गोष्ट सांगण्यासाठीच खरे म्हणजे लेखणी हाती घेतली आहे.

बाकाची कुळकथा

आमच्या घरी हे बाक आले ते आमच्या तीर्थरूपांमुळे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली. पुढे डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने जी योजना आखली, तीत सूतकताई, शेती, सुतारकाम अशांपैकी एखादा उद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवला होता. मुंबई प्रांतातही त्या धर्तीच्या मूलोद्योगी शाळा निघाल्या. तीर्थरूप पेशाने शिक्षक. अध्यापनाचे शिक्षण घेत असता त्यांनी सुतारकाम हा उद्योग निवडला होता, आणि तो त्यांच्या अंगी इतका मुरला की १९५५ सालच्या सुमारास त्यांनी येथे पेठ वडगावातच एका सुताराकडून सागाचे बाक करवून घेतले. फळी पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन इंच जाड. एका अंगास लाकूड आवळून धरण्याचा शेगडा. भिक्षुकी परंपरेच्या घरात सुताराचे बाक आलेले पाहून आमच्या आजीने प्रथम नाक मुरडले. पण त्याच बाकावर तिच्या सोवळ्याच्या पाटाचा मोडका पाय बसविला गेला, तेव्हापासून ती बाकाच्या बाजूची झाली.

उंच बाक ही वस्तू आपल्याकडे तशी नवीच. आपला जुना सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून धरून काम करी. दोन्ही पाय हाच त्याचा शेगडा. उभ्याने काम करण्याचे बाक पाश्चात्य पद्धतीच्या औद्योगिक शाळांबरोबर आपल्याकडे रुजले. युरोपात मात्र ते फार जुने. आंद्रे रूबो नामक फ्रेंच सुताराने १७६९ पासून आपल्या कलेवर जो प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात वर्णिलेल्या जाड फळीच्या बाकाचा नमुना पाहून हौशी लोक आजही बाके बनवितात.

तीर्थरूप गेल्यावर बाक कित्येक वर्षे तसेच पडून होते. आम्ही वर्गात शब्द चालवीत राहिलो. रंधा चालविला नाही. त्यावर जुनी वृत्तपत्रे, गव्हाची पोती, आंब्याच्या अढ्या अशी नाना प्रकारची ओझी येत गेली. सेवानिवृत्त झाल्यावर एके दिवशी पोती बाजूस सारली, तो फळीवर तीर्थरूपांच्या पटाशीचे वार, सरसाचे ओघळ, शाईचा एक मोठा डाग, असा सर्व इतिहास उमटलेला दिसला. या बाकाचा जीर्णोद्धार करावा असे आम्ही त्याच क्षणी ठरविले, आणि जीर्णोद्धाराच्या नावाखाली देवळांचे जे होते तेच बाकाचे केले.

बाक की आरसा?

बाजारातून उत्तम चकाकीचे रोगण आणले आणि फळी घासून त्याचे तीन हात दिले. चौथ्या दिवशी फळीत आमचा चेहरा दिसू लागला. घरातील मंडळी येऊन पाहून गेली. ‘हे जेवणाचे मेज म्हणून आत आणता येईल,’ असा अभिप्राय आमच्या घरातूनही मिळाला. या कौतुकाने आम्ही फुगून गेलो असता गल्लीतील वृद्ध मिस्त्री सहज आले. त्यांनी फळीवरून तळहात फिरविला आणि म्हणाले, “मास्तर, तुम्ही बाकाचा आरसा केलासा की! आता ह्येच्यावर लाकूड ठरंल कसं?”

आम्ही प्रौढीने त्यांस चकाकीचे गुण सांगू लागलो. त्यांनी वाद घातला नाही. एक फळकूट बाकावर ठेवले, रंधा आमच्या हाती दिला आणि मारावयास सांगितले. रंध्याच्या पहिल्याच रेट्यासरशी फळकूट पुढे सटकून भिंतीवर आदळले. “बघा,” मिस्त्री म्हणाले, “रोगण वर बसतंय, तेल आत जातंय. वर बसलेलं निघतंय. आत गेलेलं कुठं जाणार?”

पुढील पावसाळ्यात त्यांच्या बोलण्याची प्रचीती आली. हातोडी निसटून पडली तेथे रोगणाचा टवका उडाला. त्या भेगेतून ओल आत शिरली व सभोवार पांढुरके चट्टे उमटले. एक टवका दुरुस्त करण्यासाठी नवे रोगण लावले, तर ते जुन्यावर ठिगळासारखे दिसे. अखेरीस सर्व थर खरवडून काढावा लागला. चढविण्यास चार दिवस लागले होते. उतरविण्यास आठ लागले.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. दिवाणखान्यातील मेज पाहण्यासाठी असते, त्यास चकाकी शोभते. कामाच्या बाकाला मार खावयाचा असतो. त्यावर पटाशी घसरणार, सरस सांडणार, चहाचा पेला ठेवला जाणार. जो लेप एकदा फुटला म्हणजे सगळा काढावा लागतो, तो अशा ठिकाणी कुचकामाचा. जो लेप फुटतच नाही, किंवा झिजला तर तेवढ्याच जागी चिंधीच्या एका फेऱ्याने पुन्हा भरून निघतो, तोच येथे उपयोगी.

लाकडास लेप हवाच कशाला?

कोणी म्हणेल, मग काहीच लावू नये. साग तर मुळातच तेलकट आणि टिकाऊ! हेही अर्धसत्य आहे. झाड तोडले तरी लाकडाचा पाण्याशी असलेला संबंध तुटत नाही. आषाढात हवा दमट झाली की लाकूड ती ओल पिते व फुगते. वैशाखात तीच ओल सोडून आक्रसते. मात्र ही वाढघट लांबीत जवळजवळ नसते. ती सारी रुंदीत होते. ओले सागवान पूर्ण शुष्क होईपर्यंत रुंदीत जास्तीत जास्त शेकडा सहाच्या आसपास आटते. पुष्कळ लाकडांच्या मानाने हे प्रमाण बरेच कमी, आणि सागाची थोरवी याच गुणात आहे. तरीही वारणा आणि पंचगंगा यांच्या मधल्या आमच्या या भागात पावसाळा व उन्हाळा यांच्या दरम्यान दोन फूट रुंदीची फळी सुताराच्या मापाने एक-दोन सूत कमीजास्त होऊ शकते. पावसाळ्यात जी खिडकी बसत नाही आणि माघात जी खुळखुळते, तिचे गूढ हेच.

हे हलणे कोणत्याही लेपाने सर्वस्वी थांबत नाही. लेपाने एवढेच साधते की, ओल हळूहळू आत जाते आणि हळूहळू बाहेर येते, म्हणजे लाकडास झटका बसत नाही. पण त्यात एक मेख आहे. फळीची वरची बाजूच तेवढी रंगविली आणि खालची कोरी ठेवली, तर खालची बाजू भरभर फुगते, वरची मागे राहते, आणि फळी वाकते. आम्ही रोगण दिले ते फक्त वरून. म्हणून आठ दिवसांच्या खरवडण्यानंतर फळीवर सरळ पट्टी धरली तेव्हा मध्ये उजेड दिसला. अतएव पहिला नियम असा की, जो लेप वर, तोच खाली. फळीच्या दोन्ही टोकांस तर दुप्पट लेप हवा, कारण झाडाच्या रसवाहिन्या तेथे उघड्या पडलेल्या असतात व तेथूनच ओल सर्वांत वेगाने आतबाहेर करते.

वराहमिहिराचा लेप

लेपाचा विचार करू लागलो आणि सवयीने संस्कृत ग्रंथांकडे वळलो. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपावर एक स्वतंत्र अध्याय आहे. आपण एखादी गोष्ट कायमची ठसली म्हणजे ‘वज्रलेप झाली’ असे म्हणतो, तो हाच वज्रलेप. त्यातील द्रव्ये वाचून आमच्या घरातील स्त्रीवर्गास मोठी मौज वाटली, कारण निम्मी त्यांच्या ओळखीची निघाली. टेंभुर्णी व कवठ यांची कच्ची फळे, सावरीची फुले, साळईचे बी, धामणीची साल व वेखंड ही द्रोणभर पाण्यात आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवावयाची, आणि त्या काढ्यात सरल वृक्षाचा डीक, गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल इत्यादी कालवावयाची. देवालये, प्रासाद, मूर्ती, भिंती व विहिरी यांस हा लेप ऊन ऊन लावला असता तो एक कोटी वर्षे टिकतो, असे आचार्य सांगतात.

कोटीची गोष्ट सोडून देऊ. पण यातील द्रव्यांची निवड मार्मिक आहे. राळ, डीक व जवस हीच त्रयी पुढे युरोपातील रोगणांतही सापडते. त्यांपैकी बाकाच्या कामी सर्वांत मोलाचा तो जवस, म्हणजेच अळशी, संस्कृतात अतसी. तेले दोन जातींची असतात. खोबरेल व शेंगदाण्याचे तेल कितीही दिवस ठेवले तरी तेलच राहते. ते लाकडास लावले तर चिकटपणा राहतो, धूळ धरते आणि खवट वास सुटतो. कित्येक घरांतून झोपाळ्याच्या फळीस खोबरेल चोपडतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. करडईचे तेल सुकते, पण फार सावकाश. जवसाचे तेल मात्र हवेतील प्राणवायू शोषून घेऊन घट्ट होते आणि लाकडाच्या छिद्रांत एक चिवट पापुद्रा बनून राहते. पाणी सुकते ते उडून जाऊन. जवसाचे तेल सुकते ते हवेशी संयोग पावून. या वाक्यावर वाचकांनी खूण करून ठेवावी; पुढे त्याचे काम पडणार आहे.

या पापुद्र्यावरच फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज गृहस्थाने एक उद्योग उभारला. रंगाच्या डब्यात तेलावर धरलेली रबरासारखी साय पाहून त्यास कल्पना सुचली, आणि १८६०च्या सुमारास त्याने लिनोलियम नावाचे जमिनीवर अंथरण्याचे आच्छादन शोधून काढले. त्या नावाचा अर्थच मुळी ‘अळशीचे तेल’ असा आहे.

लाखेचाही येथे उल्लेख केला पाहिजे, कारण ती तर आपल्याच भूमीची देणगी. पळस, बोर, कुसुंब या झाडांवरील बारीक किडे जो रस स्रवतात तीच लाख. सावंतवाडीच्या गंजिफा व रंगीत लाकडी वस्तू यांमुळे लाखेचे काम महाराष्ट्रास परिचयाचे आहे, आणि तिच्या संशोधनासाठी १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे संस्था स्थापन झाली. चपडी लाख स्पिरिटात विरघळवून कापडाच्या बोळ्याने दिली, म्हणजे देव्हारा, कपाट, तंबोऱ्याचा भोपळा यांस अप्रतिम कांती चढते. आणि नवा हात जुन्या हातात विरघळून एकजीव होतो हा तिचा मोठा गुण. परंतु ऊन पेला ठेवला की तिच्यावर पांढरे वर्तुळ उमटते, आणि स्पिरिट सांडले तर ती जागच्या जागी विरघळते. तेव्हा देव्हाऱ्यास लाख, बाकास जवस, असा निवाडा करावा.

जतुगृहाचा धडा

आता चौथी गोष्ट. तीन वर्षांपूर्वीच्या चैत्रात मिस्त्रींच्या देखरेखीखाली आम्ही फळीस जवसाच्या तेलाचा पहिला हात दिला. जुन्या धोतराच्या चिंध्यांनी तेल चोळले, तासाभराने दुसऱ्या चिंध्यांनी पुसून घेतले. मिस्त्री जेवावयास घरी गेले. आम्ही नीटनेटकेपणाच्या भरात सर्व चिंध्यांचा एक घट्ट बोळा केला आणि तो पडवीच्या कोपऱ्यातील टोपलीत, रंध्याच्या छिलक्यांवर टाकून दिला. शेजारी बंबासाठी रचलेली उसाची चिपाडे होती. चार हातांवर खाटेवर आमचा सात वर्षांचा नातू दुपारची झोप घेत होता.

चारच्या सुमारास सूनबाई चहा घेऊन आली व म्हणाली, “मामंजी, पडवीत काही करपतंय का?” आम्ही पाहिले, पण कोठे ज्वाला दिसेना. फक्त एक उग्र वास येत होता. तिने मात्र वास धरून टोपली शोधली आणि आतला बोळा काठीने उलगडला. तो आतून काळा झाला होता, धुमसत होता. वारा लागताच त्याच्या कडेस लाल रेघ फिरली. पाण्याची घागर जवळ होती, ती तिने टोपलीवर उपडी केली. मुलगा जागा झाला आणि आजोबांनी होळी केली का, असे विचारू लागला. आमच्याने उत्तर देववले नाही. घरात त्या वेळी कोठे निखारा नव्हता, कोणी काडी ओढली नव्हती, बंबही सकाळीच विझलेला होता. अग्नी त्या चिंध्यांच्या पोटातूनच निर्माण झाला होता.

वाचकांनी मघाच्या वाक्याकडे पुन्हा वळावे. जवसाचे तेल हवेशी संयोग पावून सुकते, आणि त्या संयोगात उष्णता उत्पन्न होते. फळीवर पातळ पसरलेल्या तेलाची उष्णता वाऱ्यावर निघून जाते. पण चिंधीच्या असंख्य धाग्यांवर तेल पसरले आणि चिंधीचा बोळा केला, म्हणजे उष्णता आतच कोंडते. उष्णतेने संयोग अधिक वेगाने होतो, त्याने उष्णता आणखी वाढते, आणि काही तासांत बोळा आपोआप पेट घेतो.

महाभारतातील वारणावताच्या जतुगृहाची कथा आम्ही तीस वर्षे मुलांस शिकविली. पुरोचनाने ते घर लाख, राळ, तूप, तेल अशा द्रव्यांनी माखून बांधले होते; युधिष्ठिराने आत शिरताच वासावरून कपट ओळखले; विदुराने आगाऊच सूचना दिली होती. हे सर्व आम्ही खडूने फळ्यावर लिहीत असू. आणि स्वतःच्या पडवीत त्याच द्रव्यांपैकी एक हाताळताना आमच्या नाकास काही कळले नाही. युधिष्ठिराचे नाक त्या दिवशी आमच्या सूनबाईपाशी होते.

हा केवळ आमचाच गावंढळपणा, असे कोणी समजू नये. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी ‘वन मेरिडियन प्लाझा’ नावाची ३८ मजली इमारत होती. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी तिच्या बाविसाव्या मजल्यावर आग लागली. भिंतीच्या लाकडी फळ्यांचे काम करणाऱ्यांनी अळशी तेलाच्या चिंध्या तेथे टाकून दिल्या होत्या. त्या आपोआप पेटल्या. आग अनेक मजले चढत गेली, तीन अग्निशामक जवान प्राणास मुकले, आणि ती इमारत पुढे १९९९ साली पाडून टाकावी लागली. सुधारलेल्या देशातील मोठ्या इमारतीस जे चुकले नाही, ते आपल्या पडवीस कसे चुकेल?

मिस्त्री परत आले तेव्हा आम्ही त्यांस भिजलेला बोळा दाखविला. ते मटकन खाली बसले. “माझीच चूक,” म्हणाले, “आमच्यात चिंधी दोरीवर टाकत्यात. म्या सांगाय पायजे हुतं. मला वाटलं, मास्तरास्नी ठावं असंल.” हे शेवटचे वाक्य आमच्या मनास फार लागले. जाणत्याने गृहीत धरले, शिकलेल्याने विचारले नाही, आणि दोघांच्या मध्ये सात वर्षांचे मूल झोपले होते.

तेव्हा या लेखातले दुसरे सर्व विसरले तरी चालेल, पण एवढे विसरू नये. जवसाच्या तेलाची चिंधी कधीही चुरगळून, दुमडून किंवा ढिगात टाकू नये. काम संपताच ती उघड्यावर दोरीवर एकेरी वाळत घालावी व पुरती कडक झाल्यावर टाकावी. अथवा पाण्याने भरलेल्या, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवावी. तेल पुसण्यासाठी वापरलेला भुसा व छिलके यांसही हाच नियम लागू.

कृती

आता प्रत्यक्ष कृती. काम कोरड्या ऋतूत, माघापासून चैत्रापर्यंत करावे, म्हणजे लाकडात ओल कमी असते. प्रथम फळीच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एकीच्या माथ्यावरून दुसरीकडे पाहावे. दोन्ही समांतर दिसल्या तर फळीस पीळ नाही. नसल्या तर उंच कोपरे रंध्याने उतरवावे. नंतर १२० क्रमांकाच्या काचकागदाने रेषेच्या दिशेने घासावे. त्याहून गुळगुळीत करू नये. बाकावर लाकूड ठरावयास हवे. सागाची धूळ कित्येकांच्या नाकास व कातडीस बाधते, म्हणून नाकातोंडावर फडके बांधावे. जुन्या खुणा सर्व काढण्याचा अट्टाहास नको. तीर्थरूपांच्या पटाशीचे वार आम्ही तसेच ठेवले आहेत.

घासल्यावर त्याच दिवशी पहिला हात द्यावा. दुकानात ‘डबल बॉईल्ड’ म्हणून मिळणारे जवसाचे तेल व टर्पेंटाईन समभाग मिसळावे, म्हणजे ते खोल मुरते. कच्च्या तेलास सुकावयास आठवडेच्या आठवडे लागतात. या तेलात लवकर सुकविणारी धातूंची संयुगे घातलेली असतात, म्हणून ते पोळपाट, काठवट वगैरे खाण्याच्या वस्तूंस मुळीच लावू नये. वर, खाली, कडांस, टोकांस सढळ हाताने चोळावे. अर्ध्या तासाने जेवढे लाकडाने प्यायले नसेल तेवढे सर्व पुसून काढावे. येथेच पुष्कळांचे चुकते. वर राहिलेले तेल सुकून गुळाच्या पाकासारखे चिकट होते व महिनोन्‌महिने तसेच राहते. दुसऱ्या दिवशी निम्मेच टर्पेंटाईन घालून दुसरा हात, आणि आणखी दोन दिवसांनी निव्वळ तेलाचा तिसरा, अगदी पातळ. मग दोन आठवडे बाकास विश्रांती द्यावी.

सरस चिकटू नये म्हणून शेवटी मेणाचा हात देण्याची रीत आहे. एक भाग मधमाशीचे मेण उकळत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवावे, विस्तवापासून दूर नेऊन मग त्यात तीन-चार भाग टर्पेंटाईन मिसळावे. विस्तवावर टर्पेंटाईन कदापि ओतू नये. हे मलम अत्यल्प लावून फडक्याने खसखसून पुसावे. जास्त झाले की पुन्हा आरसा होतो, आणि पुन्हा मिस्त्रींचे बोलणे ऐकावे लागते.

खंडेनवमी

हा लेप वज्रलेप नव्हे. वर्षा-दोन वर्षांत तो झिजतो, फळी फिकी व रुक्ष दिसू लागते. पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो मोत्यासारखा उभा राहिला तर ठीक. फळीने पिऊन टाकला तर तेलाची वेळ झाली. मग खरवडणे नाही, घासणे नाही. फळी पुसावी, एक पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने पुसून घ्यावा. पाऊण तासाचे काम.

आमच्या घरी यासाठी खंडेनवमीचा दिवस ठरून गेला आहे. त्या दिवशी हत्यारांची पूजा होतेच. सकाळी रंधे, पटाशा, करवती पुसून बाकावर मांडतो, त्यांस हळदकुंकू व झेंडूची फुले वाहतो. दुपारी सारे उतरवून फळीस तेल देतो. पाऊस नुकताच सरत आलेला असतो, चार महिने दमट हवा सोसलेले लाकूड ते तेल आवडीने पिते.

पूर्वी आमची आजी दर चार दिवसांनी सोपा शेणाने सारवीत असे. एकदा लहानपणी आम्ही तीस विचारले होते की, पुन्हा पुन्हा सारवण्यापेक्षा एकदाच काही पक्के का लावीत नाही? ती म्हणाली होती, “अरे, सारवताना भुईचा पोपडा कुठे सुटला, उंदराने कुठे बीळ केले, ते हाताला कळते. पक्के केले की कोण वाकून बघणार?” वज्रलेपाची हाव धरून आम्ही हेच विसरलो होतो. जी वस्तू वरचेवर हाताखालून जाते तिची भेग लहान असतानाच दिसते. हे बाकास लागू आहे, तसे एका छपराखाली नांदणाऱ्या घरासही लागू आहे. मिस्त्रींनी आम्हांस सांगावयाचे राहिले व आम्ही त्यांस विचारावयाचे राहिले, तेही न सारवलेल्या भुईसारखेच.

गेल्या खंडेनवमीस तेल देण्याचे काम नातवाने मागून घेतले. त्याने फळी नीट पुसली, टोके विसरला नाही, खालची बाजूही वाकून पाहिली. आम्ही खुर्चीवर बसून होतो. काम झाल्यावर त्याने तिन्ही चिंध्या झटकल्या, परसातील दोरीवर वेगवेगळ्या पसरल्या, चिमटे लावले, आणि आत येऊन आम्हांस म्हणाला, “आजोबा, मोजून तीन होत्या. तिन्ही दोरीवर आहेत.” त्या दिवशी सूनबाईने चहाबरोबर त्यास एक लाडू अधिक दिला.